आम्ही पाठ करून वल्हवत नाही : मराठी क्रीडा संपादकांना खुले पत्र

मराठी दैनिकांच्या, वाहिन्यांच्या आणि वृत्तसंकेतस्थळांच्या क्रीडा संपादकांना,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, २० ते २४ तारखेपर्यंत, इटलीत मिलानजवळच्या इद्रोस्कालो तलावावर कयाक आणि कनू स्प्रिंटची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. माझ्या घरी दोन मराठी दैनिकं येतात. ते पाच दिवस आणि पुढचे दोन दिवस मी दोन्हींची क्रीडा पानं चष्मा लावून, पार तळाच्या 'संक्षिप्त'पर्यंत वाचली. हाती लागला एक फोटो आणि त्याखाली दीड ओळ : 'नौकानयनाच्या जागतिक स्पर्धेतील एक क्षण'. फोटोत आठ जण होते. आठही जण जायचं त्या दिशेला पाठ करून बसलेले. म्हणजे फोटो रोइंगचा. खेळ दुसरा, स्पर्धा दुसरी, बहुधा वर्षही दुसरंच.

त्या दैनिकाचं नाव घेत नाही. एकाचं घेतलं की बाकीचे सुटल्यासारखे होतात.

मी कोण, ते आधी सांगते. मी सांगलीकडची. पावसाळ्यात आमच्या कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात, त्यात माझे वडील वल्ही मारायचे. काठावर उभं राहून घसा बसेपर्यंत ओरडणं, हे माझं पहिलं क्रीडाशिक्षण. पुढे शिकायला पुण्यात गेले, तिथे पहिल्यांदा कयाकमध्ये बसले आणि बसल्या क्षणी उलटले. त्यानंतर काही वर्षं के-वन, म्हणजे एकट्यानं वल्हवायची कयाक, घेऊन राष्ट्रीय स्पर्धांना जात होते. पदक एकही नाही, फायनल एकदा. आता नोकरी सांभाळून पहाटे एका धरणाच्या फुगवट्यावर अकरा मुलामुलींना शिकवते. होड्या चार, त्यातल्या दोनांना ठिगळं.

माझ्याकडे कात्रणांची एक दोनशे पानी वही आहे. २०१२ मध्ये, लंडन ऑलिंपिकच्या वेळी हौसेनं सुरू केली. आजवर एकोणीस पानं भरली आहेत. त्यातली नऊ 'या वीकेंडला कयाकिंगला कुठे जाल?' या जातीची. हे पत्र त्या उरलेल्या कोऱ्या पानांबद्दल आहे.

पहिली तक्रार नावाची, आणि हीच मला सगळ्यात मोठी वाटते. रोइंगला तुम्ही नौकानयन म्हणता. आम्हालाही नौकानयन. शिडाच्या होड्यांनाही नौकानयन, आणि तळ्यावर सहलीला आलेल्यांना फिरवून आणणाऱ्या पायडलच्या बदकांनाही कधीकधी नौकानयनच. उद्या कुस्ती, ज्युदो आणि कबड्डी या तिन्हींना 'झटापट' असं एकच नाव देऊन छापून बघा. अख्खं कोल्हापूर तुमच्या कचेरीच्या दारात उभं राहील. आमच्यामागे कोल्हापूर नाही, एवढाच फरक.

तर एकदा सांगून टाकते. रोइंगमध्ये वल्हं होडीला अडकवलेलं असतं, बैठक पुढेमागे सरकते आणि खेळाडू उलटा बसतो. शेवटची रेषा तो पाठीनं ओलांडतो. कयाकमध्ये खेळाडू पाय पुढे करून, समोर बघत बसतो. वल्हं मोकळं, हातातलं, दोन्ही टोकांना पातं असलेलं, आणि सुकाणू पायानं हलवायचं. कनूत बसायचंच नाही. एक गुडघा टेकायचा, दुसरा पाय पुढे रोवायचा, एका पात्याचं वल्हं घ्यायचं आणि पूर्ण शर्यत एकाच बाजूनं मारायचं. सुकाणू नाही. एका बाजूनं वल्हवलं की होडी दुसरीकडे वळणार, हे शाळेतलं पोरही सांगेल. तिला सरळ ठेवायचं काम त्याच वल्ह्याच्या शेवटच्या पिळानं करावं लागतं, दर फटक्याला. माझ्याकडच्या मुली पहिले पंधरा दिवस होडीत कमी आणि पाण्यात जास्त असतात. टेकलेल्या गुडघ्याखाली स्पंजचा ठोकळा असतो, तरी महिन्याभरात तिथली कातडी घट्ट होते, उंटाच्या गुडघ्यासारखी. एकीची आई विचारत होती, 'हिला रोज शाळेत ओणवं करतात की काय?'

आणि कनू हा शब्द. कॅनोइंग, कनोइंग, केनोईंग, कॅनॉइंग : चारही रूपं माझ्या वहीत आहेत, एका बातमीत तर दोन. 'कनू' म्हटलं की एखादा गुजराती शेजारी डोळ्यांसमोर येतो, हे मान्य. मला तोच सुटसुटीत वाटतो म्हणून मी तो वापरते. तुम्ही दुसरा घ्या, हरकत नाही. पण एक ठरवा.

नावात काय आहे, असं कुणी म्हणेल, म्हणून दोन प्रसंग सांगते. होड्या ठेवायला धरणाजवळ पत्र्याचं एक शेड हवं होतं. गावातल्या एका सदस्यांकडे गेले. भला माणूस, चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, असा काय खेळ असतोय व्हय? आमी तर पेपरात कधी वाचला न्हाई." शेड अजून नाही. दुसरा प्रसंग एका शाळेतला. दहावीच्या क्रीडा गुणांसाठी माझ्या एका मुलीचं प्रमाणपत्र घेऊन गेलो, तर लिपिकानं खेळाच्या रकान्यात लिहिलं 'बोटिंग'. तीन हेलपाटे घातले ते खोडायला. हेलपाटे शाळेत घातले, पण मनातून राग तुमचा आला होता, खरं सांगते. जे पेपरात छापून येत नाही ते आमच्याकडे नसतंच, आणि जे चुकीचं येतं ते तसंच असतं.

आता ३ ऑक्टोबर २०२३. हांगझोऊची आशियाई स्पर्धा. अर्जुनसिंग आणि सुनीलसिंग सलाम या जोडीनं सी-टू म्हणजे दोघांच्या कनूत १००० मीटरला ब्राँझ जिंकलं, ३ मिनिटं ५३.३२९ सेकंदांत. या खेळातलं भारताचं त्याआधीचं आशियाई पदक १९९४ मधलं, हिरोशिमाचं. सिजी सदानंदन आणि जॉनी रोमेल, हाच प्रकार, ब्राँझच. मध्ये २९ वर्षं गेली. त्याच दिवशी पारुल चौधरीनं ५००० मीटरमध्ये आणि अन्नू राणीनं भालाफेकीत सुवर्ण मिळवलं, तेव्हा मथळा त्यांचा, हे रास्तच. मी कुठे म्हणते आठ कॉलम द्या? पण माझ्या वहीत त्या दिवसाचं जे कात्रण आहे त्यात छापलंय, 'नौकानयनात आणखी एक ब्राँझ'. आणखी एक! आदल्या आठवड्यात रोइंगवाल्यांनी पाच पदकं आणली होती, त्यांच्या मागे हे सहावं लावून दिलं. एकोणतीस वर्षांचा उपास सुटला होता आणि तुम्ही तो दुसऱ्याच्या पंगतीत वाढून मोकळे झालात.

दुसरी तक्रार निकालांची. तुमच्या लेखी दोनच निकाल असतात : पदक मिळाले आणि पदक हुकले. आमच्याकडे आधी प्राथमिक फेरी, मग उपांत्य, मग फायनल ए, फायनल बी. जागतिक स्पर्धेत नऊ लेन असतात. फायनल ए मध्ये पहिले नऊ ठरतात, बी मध्ये पुढचे. म्हणजे फायनल बी मध्ये पाचवा आलेला जगात चौदावा असतो. एवढी बेरीज न करता 'पाचवा क्रमांक, पदक हुकले' असं लिहिलं की दोन्हीकडून खोटं. तो पाचवा नव्हता आणि पदकाच्या शर्यतीत तर नव्हताच. आणि चौदावा म्हणून छापा की अभिमानानं! टेनिसमध्ये जगात चौदाव्या आलेल्याची तुम्ही पानभर मुलाखत घेता.

याचं आपल्या घरचं उदाहरण दत्तू भोकनळचं, रोइंगमधलं का असेना. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू, २०१६ ला रिओत एकट्याच्या होडीत तेरावा आला. तो विहिरी खोदायचा, हे महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, कारण तुम्ही ते छापलंत. पण रोइंगच्या फायनलमध्ये सहाच होड्या असतात आणि तेरावा येण्यासाठी त्यानं फायनल सी चक्क जिंकली होती, हे किती जणांना ठाऊक आहे? जिंकली होती हो ती शर्यत त्यानं. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत त्यानं सुवर्ण मिळवलं, तेव्हाही मला सगळीकडे आधी विहीरच दिसली.

इथे मला थोडं थांबायचंय, कारण ही सवय आमच्या सगळ्या छोट्या खेळांच्या मुळावर आली आहे. खेळाडूचं दारिद्र्य छापायला तुमच्याकडे जागा असते. पत्र्याचं घर, आईची मजुरी, बापानं काढलेलं कर्ज, गहाण पडलेलं मंगळसूत्र. हे खोटं असतं असं नाही. पण ते वाचून वाचक चुकचुकतो आणि पान उलटतो. त्या मुलानं ५०० मीटर किती सेकंदांत मारलं, मागच्या वर्षी किती होतं, जगातल्या पहिल्यात आणि त्याच्यात किती अंतर आहे, हे वाचलं तर वाचक पुढच्या वर्षी विचारेल, 'काय झालं त्याचं?' मंगळसूत्राचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. माझ्या अकरा मुलांपैकी पाच जणांच्या घरची परिस्थिती तुमच्या फीचरला अगदी फिट बसेल. एकाही वार्ताहराला मी त्या घरी नेणार नाही. पहाटे पाण्यावर या, स्टॉपवॉच तुमच्या हातात देते.

दिव्यांग खेळाडूंच्या बाबतीत तर हे फारच होतं. प्राची यादव. ग्वाल्हेरची, भोपाळच्या मोठ्या तलावावर तयार झालेली. टोकियो पॅरालिंपिकला गेलेली ती पहिली भारतीय पॅराकनू खेळाडू आणि तिथे तिनं फायनल गाठली, आठवी आली. पॅरिसलाही फायनलमध्ये होती. २०२३ च्या आशियाई पॅरा स्पर्धेत केएल-२ मध्ये सुवर्ण, व्हीएल-२ मध्ये रौप्य. पुढे अर्जुन पुरस्कार. माझ्या वहीतल्या तिच्या एकमेव कात्रणात 'जिद्द' हा शब्द चार वेळा आहे आणि केएल, व्हीएल म्हणजे काय, हे एकदाही नाही. केएल म्हणजे कयाक, व्हीएल म्हणजे वाआ. पुढचा आकडा जितका लहान, तितकी शरीराची साथ कमी. वाआ ही पॅसिफिक बेटांवरची होडी, तिच्या एका बाजूला आडव्या दांड्यांनी जोडलेलं लांबट लाकूड असतं, होडी कलंडू नये म्हणून. कात्रणात 'आउटरिगर' असा शब्द टाकून काम भागवलं आहे. अहो, कोकणात कुणाही कोळ्याला विचारा. उलांडी म्हणतात तिला. आपल्याकडे शब्द आहे, वस्तू आहे, पिढ्यान्‌पिढ्या ती वल्हवणारी माणसं आहेत. ही बातमी आपल्या किनाऱ्यावर उतरली असती की नाही, सांगा.

तिसरी तक्रार अशी, की ज्या गोष्टीला तुम्ही स्वतःच 'थरार' म्हणता तो समोर घडतो तेव्हा तुमचं लक्ष नसतं. पॅरिस ऑलिंपिक, बायकांची सी-वन, म्हणजे एकटीची कनू, २०० मीटर. कॅनडाची केटी व्हिन्सेंट ४४.१२ सेकंद, अमेरिकेची नेव्हिन हॅरिसन ४४.१३. सेकंदाचा शंभरावा भाग. रिओत पुरुषांच्या के-वन २०० मीटरमध्ये स्पेनचा साऊल क्राविओतो आणि जर्मनीचा रोनाल्ड राउहे यांना फोटो फिनिशही वेगळं करू शकलं नाही, दोघांनाही ब्राँझ द्यावं लागलं. न्यूझीलंडच्या लिसा कॅरिंग्टनची कयाकमधली आठ ऑलिंपिक सुवर्णं आहेत. त्याच न्यूझीलंडच्या क्रिकेट संघात पाणी घेऊन कोण धावतो, त्याचं नाव तुम्हाला पाठ असतं.

बायकांच्या कनूचा इतिहास तर आयती बातमी आहे, फुकट देते. आमचा खेळ १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपासून पदकाचा. बायकांना १९४८ मध्ये कयाकची एक शर्यत मिळाली. पण कनूत गुडघा टेकायची परवानगी? बाईच्या शरीराला ते मानवणार नाही, एका बाजूनं वल्हवून ती वाकडी होईल, असली कारणं वर्षानुवर्षं ऐकवली गेली. जागतिक अजिंक्यपदात बायकांची कनू पदकासाठी उतरली २०१० मध्ये, पोलंडमधल्या पोझ्नानला. ऑलिंपिकमध्ये टोकियोला, म्हणजे २०२१ च्या ऑगस्टमध्ये. पुरुषांनंतर ८५ वर्षांनी. आजही ऑलिंपिकला एकट्याच्या कनूत पुरुष १००० मीटर मारतात आणि बायकांना २०० मीटर. उरलेले ८०० मीटर कुणाच्या तब्येतीसाठी वाचवून ठेवलेत, देव जाणे. ८ मार्चला गुलाबी रंगात पान काढता तेव्हा यातलं एक वाक्य तरी घ्या.

आणि जागतिक स्पर्धा का छापायची? ऑलिंपिक आहेच की, असं तुम्ही म्हणाल. पॅरिसच्या बहुतेक जागा २०२३ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या डुइसबर्गच्या जागतिक स्पर्धेतच वाटल्या गेल्या होत्या. ऑलिंपिक सुरू झालं की तुम्ही विचारता, 'भारताचे खेळाडू का नाहीत?' हे म्हणजे मतदानाच्या दिवशी झोपायचं आणि मतमोजणीला पहिल्या रांगेत खुर्ची मागायची. या स्पर्धांत आपलं कोण उतरलं, कितवं आलं, हे मला आजही आंतरराष्ट्रीय महासंघाच्या निकालपत्रांच्या पीडीएफ उघडून, तीन अक्षरी 'आयएनडी' शोधत बघावं लागतं. मुलं शेजारी बसून विचारतात, "मॅडम, हाय का कोण आपलं?"

२०१९ ची जागतिक स्पर्धा हंगेरीत सेगेडला झाली, २१ ते २५ ऑगस्ट. तेव्हा मी एक शब्द बोलले नाही. त्या महिन्यात आमच्या घरात कृष्णेचा गाळ होता आणि तुमची पानं महापुरानं भरली होती, भरायलाच हवी होती. पण त्या गाळात फावडं मारताना मला कुणीतरी सांगितलं, की सेगेड हे तिसा नदीकाठचं गाव १८७९ च्या पुरात असंच वाहून गेलं होतं, जवळपास सगळं, आणि मग पुन्हा नव्यानं बांधलं गेलं. त्याच गावाच्या कडेला आज मात्येरचा शर्यतींचा कालवा आहे, तिथे जागतिक स्पर्धा भरते. कयाक-कनूत हंगेरीची ऐंशीच्या वर ऑलिंपिक पदकं आहेत. सांगलीकराला यात बातमी दिसते. सांगलीची आवृत्ती काढणाऱ्याला दिसू नये?

नदीच्या बातम्या तुम्ही देत नाही, असं नाही. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबची रेगाटा १९२८ पासून चालत आलेली, तिचे फोटो तुम्ही छापता, झकास छापता, त्यात कयाकही असतात. आमच्याकडे कृष्णेत मगर दिसली की पहिलं पान. माझ्या वहीच्या काळात कृष्णेतल्या मगरींना मिळालेली जागा मोजली, तर देशातल्या सगळ्या कयाकपटूंची मिळून तिच्या शेपटीएवढीही होणार नाही. मगरीविरुद्ध माझी काही तक्रार नाही. तीही समोर बघूनच पोहते.

आता तुमची बाजू. ती मला अगदीच माहीत नाही असं नाही. मिलानच्या वेळी तिसऱ्या दिवशी मी एका दैनिकाच्या क्रीडा विभागाला फोन केला होता. रात्रीचे नऊ वाजले होते. पलीकडे एक तरुण मुलगा, आवाजावरून दमलेला. म्हणाला, "मॅडम, एजन्सीनं दिलेलं नाही. आणि आज आम्ही दोघंच आहोत डेस्कवर." चिडायला मी फोन केला होता, पण त्याला काय बोलणार? दोन माणसांत चार आवृत्त्या निघत असतील, तर रोइंगचा फोटो कसा जातो ते कळतं. कळलं म्हणून पटतं असं नाही.

शिवाय दोष आमच्याकडेही आहे, तो लपवत नाही. स्पर्धा झाली की आमच्या मंडळींकडून तुम्हाला जी प्रसिद्धिपत्रकं येतात ती मी पाहिली आहेत. उद्घाटन कुणाच्या हस्ते, अध्यक्षस्थानी कोण, व्यासपीठावरच्या अकरा जणांची नावं हुद्द्यांसह, हार, श्रीफळ, आभारप्रदर्शन. विजेत्याचं नाव शेवटून दुसऱ्या ओळीत आणि वेळ कुठेच नाही. तीही तीन दिवस उशिरा. असलं पत्रक मी डेस्कवर असते तर मीही केराच्या टोपलीत टाकलं असतं. आम्ही पुरस्कर्ते शोधताना रडतो, होड्या पोर्तुगाल नाहीतर पोलंडहून मागवाव्या लागतात म्हणून रडतो, पण संध्याकाळी सातच्या आत दहा ओळी लिहून पाठवायला आम्हाला काय होतं? त्याला तर जकात लागत नाही.

म्हणून मागण्या थोड्या आणि करता येतील अशाच ठेवते.

रोइंगला रोइंग म्हणा, कयाकला कयाक, कनूला कनू. नौकानयन शब्द हवाच असेल तर तो एकाच खेळाला द्या आणि तुमच्या शैलीपुस्तिकेत लिहून टाका. यात एक पैसा खर्च नाही. दुसरं काही जमलं नाही तरी हे करा.

निकालात वेळ, अंतर आणि एकूण क्रमांक द्या. तीन आकडे. फायनल बी असेल तर नऊ मिळवा.

पुढची जागतिक स्पर्धा २०२६ मध्ये पुन्हा पोझ्नानलाच आहे. पाच दिवस रोज सात-आठ ओळी, त्यात भारताचं कोण कितवं आलं, आणि कुणीच नसेल तर 'कुणीच नव्हतं' एवढं तरी. हे छापून आलं तर का नव्हतं, हे आम्ही आमच्या संघटनांना विचारू. सध्या आमच्याकडे विचारायला कात्रणही नसतं. वेळेची अडचण सांगू नका. पोलंडमधले दुपारचे साडेतीन म्हणजे आपले संध्याकाळचे सात. क्रिकेटच्या वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी तुम्ही पहाटेपर्यंत पान अडवून धरता, हे तर उजेडात उरकतं.

पॅरा खेळाडूंच्या बातमीत वर्ग लिहा आणि तो म्हणजे काय, ते अर्ध्या वाक्यात सांगा. कौतुकाचे शब्द त्या जागेसाठी कापावे लागले तर बिनधास्त कापा.

वर्षातून एकदा एखादा वार्ताहर सरावाला पाठवा. माझ्याकडेच असं नाही, भोपाळला पाठवा, मणिपूरला पाठवा, हांगझोऊचा सुनीलसिंग तिकडचाच. खेळाडूच्या घरी जाऊ नका, पाण्यावर जा.

माझ्याकडून : पोझ्नानच्या पाचही दिवशी संध्याकाळी आठच्या आत, शुद्ध मराठीत, व्यासपीठाविना, दहा ओळींचा निकाल लिहून मी तुम्हा सगळ्यांना पाठवीन. मानधन नको, नाव नको. संज्ञांची एक पानी यादीही तयार आहे, के-वन, सी-टू, फायनल बी, उलांडी सगळं त्यात आहे. चूक असेल तर दुरुस्त करा, पण टोपलीत टाकण्याआधी एकदा वाचा.

कळावे,

आपली,
कृष्णाकाठची एक जुनी कयाकपटू

ता. क. फोटोबद्दल राहिलंच. तोंड मागे असेल तर रोइंग, तोंड पुढे आणि दोन पात्यांचं वल्हं असेल तर कयाक, एक गुडघा टेकलेला असेल तर कनू. आणि कनूचा फोटो पानाच्या सोयीसाठी आरशासारखा उलटा करू नका. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडच्या एका मुलीचा एकदाच फोटो आला होता, जिल्हा पुरवणीत. ती डावीकडून वल्हवते, फोटोत उजवीकडून वल्हवताना दिसत होती. तिच्या आजीला अक्षरं लागत नाहीत. तिनं पेपर डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला आणि परत देत म्हणाली, "ही आपली न्हाई. आपली डावरी हाय."